सहीची घाई करू नका ताई

प्रश्न : नवरा-बायको आम्ही वर्षभर वेगळे राहतोय, मुलगी ७ वर्षांची, माझ्याकडेच आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर, हप्ते चालू आहेत. ते म्हणतात मुलीला महिना ५ हजार देतो, तू हक्कसोडपत्रावर सही कर. करू का?

उत्तर : थांबा जरा. हक्कसोडपत्र रजिस्टर झालं की फ्लॅटवरचा हक्क गेला, पण बँकेच्या कागदावर तुमचं नाव तसंच राहतं, म्हणजे उद्या त्यांनी हप्ते थकवले तर बँक तुमच्याही दारात येणार, घर गेलं आणि कर्ज राहिलं असा प्रकार! म्हणून आधी बँकेकडून लेखी घ्या की तुम्ही कर्जातून मोकळ्या, मग पुढचं बोलणं. आणि हो, आपल्याकडे लग्न झालं म्हणून प्रॉपर्टी आपोआप अर्धी होत नाही, गोव्यात लग्नाच्या वेळी वेगळा करार नसेल तर होते, तिथला कायदाच वेगळा. इथे नाव कुणाचं, पैसे कुणी भरले हे बघतात, तेव्हा तुमच्या खात्यातून गेलेल्या हप्त्यांची स्टेटमेंट आजच काढून ठेवा. दागिने मात्र स्त्रीधन, ते तुमचेच.

मुलीचा खर्च हा तिचा हक्क, फ्लॅटच्या सौद्यात तो घालूच नका. २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळं प्रतिज्ञापत्रावर द्यावं लागतं. शाळेची फी, रिक्षा, डॉक्टर, क्लास, पावत्या एका फाइलीत लावा. ५ हजारात काय होतं हो आजकाल, नुसती व्हॅनच दीड-दोन हजार घेते.