पॅराफर्नेलिया म्हणजे मुळात बायकोचं सामान

प्रश्न असा आलाय की ऑफिसात गणपतीच्या डेकोरेशनचा मेल फिरला, त्यात साहेबांनी 'मखर अँड अदर पॅराफर्नेलिया' असं लिहिलं, तर हे म्हणजे अॅक्सेसरीजच ना, आणि मराठीत काय म्हणायचं?

अॅक्सेसरीज म्हटलं तर अगदीच चूक नाही, पण मोबाइलचं कव्हर ही अॅक्सेसरी, मुख्य वस्तूला जोडून येणारी. पॅराफर्नेलियात त्या कामाला लागणारं झाडून सगळं येतं आणि बोलणाऱ्याचं नाक बरेचदा थोडं मुरडलेलं असतं.

खरी गंमत मुळात आहे. ग्रीकमध्ये 'फेर्ने' म्हणजे हुंडा आणि 'पारा' म्हणजे बाजूला, पलीकडे. हुंडा नवऱ्याच्या ताब्यात जायचा, त्यापलीकडे बायकोने सोबत आणलेलं जे तिचं स्वतःचं राहायचं ते हे. रोमन कायद्याने शब्द उचलला, लॅटिनमधून तो सतराव्या शतकात इंग्रजीत आला. इंग्लंडात लग्न झालं की बायकोची चीजवस्तू नवऱ्याची, फक्त तिचे कपडे आणि दागिने यांना पॅराफर्नेलिया म्हणायचे, तेही काय, तर दागिने नवरा जिवंतपणी विकू शकायचा पण मृत्युपत्रात दुसऱ्या कोणाच्या नावे करू शकायचा नाही, त्याच्यामागे ते तिचेच. १८८२ च्या कायद्याने विवाहित बाईला स्वतःची मालमत्ता ठेवायचा हक्क मिळाला आणि या अर्थाची गरजच संपली. 'सटरफटर सामान' हा अर्थ मात्र अठराव्या शतकातच रुळला होता. म्हणजे बाईच्या हक्काच्या वस्तूंचा शब्द शेवटी अडगळीला लागला, आता काय बोलणार!

आपल्याकडे याच्या जवळचा शब्द स्त्रीधन. माझ्या आजीचा गिरगावच्या खोलीत माळ्यावर एक पितळी डबा होता, त्यात नथ, बुगड्या आणि माहेरची एक चांदीची वाटी, आजोबासुद्धा विचारल्याशिवाय त्याला हात लावत नसत. तोच खरा पॅराफर्नेलिया! आणि हो, 'फेर्ने' ज्या 'फेरेइन' म्हणजे वाहून नेणे या धातूवरून आला तो आणि संस्कृतातला 'भृ' एकाच मुळाचे, त्या 'भृ'वरूनच आपला भार आणि भार्यासुद्धा, म्हणजे ग्रीकांचा हुंडा आणि आपली बायको लांबचे नातेवाईक निघाले.

आता मराठी शब्द. लवाजमा म्हटलं की सोबत माणसंही आली. शिवाजी पार्कला आठ वर्षांचा पोरगा नेटला येतो, त्याच्याहून मोठी किटबॅग, मागे डबा घेतलेली आई, छत्री घेतलेले आजोबा, तो लवाजमा. जामानिमा कपड्यांकडे झुकतो, सरंजाम जरा थाटाचा. नाक मुरडायचं असेल तर चंबूगबाळं किंवा लटांबर, पण ते साहेबांच्या मेलला रिप्लाय करताना नको, तिथे 'मखर आणि बाकीचं सामानसुमान' लिही, सगळ्यांना कळेल.