साबुदाण्याची खिचडी जड पडते, तरी भूक का लागते?

प्रश्न : संकष्टीला दुपारी बशीभर साबुदाण्याची खिचडी खाते. पोट जड राहतं, तरी चारच्या सुमारास काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. वरई-आमटी खाल्ली की असं होत नाही. असं का?

उत्तर : जडपणा वेगळा, पोट भरणं वेगळं. जठर ताणलं गेलं की मेंदूला ‘पुरे’ असा निरोप जातो, आणि ताण येतो तो मुख्यतः अन्नाच्या आकारमानाने. जठर रिकामं मात्र कॅलरींच्या हिशेबाने होतं, मिनिटाला साधारण दोन-तीन. त्यात तूप आणि दाण्यांतलं तेल लहान आतड्यात पोचलं की तिथलं संप्रेरक जठराला आणखी सावकाश करतं. म्हणून एवढीशी खिचडी तासन्‌तास बसून राहते, पण आकारमान कमी म्हणून ‘पुरे’चा निरोप क्षीणच जातो.

हिशेब पाहा. ५० ग्रॅम कोरडा साबुदाणा, २० ग्रॅम कूट, अर्धा बटाटा, दोन चमचे तूप : सुमारे ४२० कॅलरी, पण वजन जेमतेम १८० ग्रॅम. तेवढीच वरई, तेवढ्याच कुटाची आमटी, एक चमचा तूप : सुमारे ३४० कॅलरी आणि वजन ४०० ग्रॅमच्या वर. ग्रॅममागे सव्वादोनऐवजी एकाहूनही कमी कॅलरी. हा फरक मुख्यतः पाण्याचा.

प्रश्न : मग खिचडीबरोबर तांब्याभर पाणी प्यायलं तर?

उत्तर : नाही जमत. नुसतं पाणी जठरातून लगेच पुढे सरकतं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात १९९९ साली हेच तपासलं होतं. जेवणाआधी स्त्रियांना कधी चिकन-भाताचा पदार्थ दिला, कधी त्यासोबत पेलाभर पाणी, तर कधी तेच पाणी घालून केलेलं सूप. सूप घेतलं तेव्हा पुढचं जेवण सुमारे १०० कॅलरींनी घटलं. सोबतच्या पाण्याने काही फरक पडला नाही.

साबुदाण्यात पाणी वाढवलं तर चिकट गोळाच होणार. तेव्हा खिचडी निम्मी घ्या आणि आधी वाटीभर काकडीची कोशिंबीर खा. आमटीचं कूट मात्र गुळगुळीत वाटा. भरड राहिलं तर जठरात खाली बसतं आणि वरचं नुसतं पाणी लगेच पुढे सरकतं. तूप अजिबात बंद करू नका, बेचव ताटावरून उठलेला माणूस तासाभरात वेफर्सचा डबा उघडतो.

आम्लपित्त असेल तर एका वेळी भरपेट नको, दोनदा विभागून खा. आणि घरातल्या वयस्कर, मोजकंच खाणाऱ्या माणसाला यातलं काही लागू नाही. त्यांच्या वरईवर तूप सढळ हातानेच वाढा.