करकोचा झाडावर चढवलास, त्याबद्दल

पोरी,

परवा मोबाईलवर दाखवलेलं, वेगवेगळे फोटो जोडून केलेलं तुझं ते चित्र डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलोय. "सगळं जपानी घातलंय, तरी काहीतरी खोटं वाटतंय" असं म्हणालीस आणि तुझा चेहरा पडला, तेव्हा मी चहा मागवून विषय बदलला. उत्तर माहीत होतं, पण दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं.

तलाव पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानातला, पक्षी आपल्या घटप्रभेच्या काठचा, धुपदाळचा. पाईनच्या फांदीवर तो बसवलास आणि नाव दिलंस 'हजार वर्षांचा क्रौंच'. अगं, तो क्रौंच म्हणजे क्रेन नाहीच, चित्रबलाक म्हणजे पेंटेड स्टॉर्क आहे, जातच वेगळी! आपल्याकडं सरसकट सगळ्यांना करकोचाच म्हणतात, तिथंच घोळ होतो. त्याच्या पंखाजवळची गुलाबी पिसं तू रंग काढून पांढरी केलीस, म्हणजे तुलाही कुठंतरी शंका आलीच होती की. क्रौंचाचं मागचं बोट लहान आणि वर असतं, त्याला फांदी धरता येत नाही, तो गवतात, चिखलात, उथळ पाण्यात उभा राहतो. पुण्याची ती बाग जिच्या धर्तीवर केलीय त्या जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेत, जी 1700 साली पुरी झाली, तिथं आजही तांचो, म्हणजे लाल डोक्याचे क्रौंच पाळलेत, बाहेर सोडले की ते हिरवळीवर चालतात. झाडावर नाही.

तू म्हणशील जपानच्या जुन्या चित्रांतही पाईनवर क्रौंच आहेत. आहेत, आणि ते खरं तर बलाक बघून काढले असावेत असं जाणकार म्हणतात. म्हणून तू पण तेच करणार काय?

एकच प्रश्न विचार, प्रत्येक लेयर, म्हणजे चित्राचा एकेक थर टाकताना विचार: तो पक्षी तिथं असता तर कुठं थांबला असता? उजेड कुठल्या बाजूनं पडला असता, सावली कुठं गेली असती, पाण्यात पाय किती बुडले असते, हे सगळं त्या एका प्रश्नातनंच येतं. तुझा तलाव दुपारचा आणि पक्षी पहाटेचा, मग कितीही ब्रश फिरव, जोड दिसणारच.

मी हे पुस्तकातनं सांगत नाही. पंचवीस वर्षं लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीला बर्फाच्या डोंगरावर उभं करून पोट भरलं, त्या सवयीनंच एका हिवाळ्यात धुपदाळच्या धुक्यात मिळालेल्या क्रौंचांच्या थव्यातला एक कापला आणि झाडावर ठेवला. प्रिंट बघून तिथला एक म्हातारा मासेमारी करणारा एवढंच म्हणाला, "ह्यो वर कसा चढला?" घरी येऊन मूळ फोटो उघडला तर त्याच फाईलवर सेव्ह करून बसलेलो. धुकं गेलं, थवा गेला. अजून डोळ्यापुढं येतो तो थवा. म्हणून कॉपीवर काम कर, इरेजरनं पुसू नको, नको तो भाग नुसता झाकणारा मास्क वापर, आणि मूळ फाईल दोन ठिकाणी ठेव. हे मी तुला तीनदा सांगितलंय, चौथ्यांदा सांगतोय.

पुढं तेच चित्र एका स्पर्धेत वन्यजीव विभागातनं बाद झालं. लोक म्हणाले फसवलं. मी फसवलं नव्हतं, फॉर्मवर 'जोडचित्र' असा रकानाच नव्हता, आणि आजही मी तेच म्हणेन. पण खाली 'हे जोडचित्र आहे' अशी एक ओळ लिहिता आली असती. तू लिही, दरवेळी लिही.

आता अर्थाचं. तोरी हे देवस्थानाचं दार, बागेत शोभेला ठोकायचं नाही, ते काढ. कंदील, कोई मासे, चेरी पण काढ. जपानी म्हणतात क्रौंच हजार वर्षं, कासव दहा हजार वर्षं, म्हणून त्यांच्या बागेत क्रौंचाचं बेट आणि कासवाचं बेट दगडांनी करतात, क्योतोच्या कोन्चि-इन मंदिरात दोन्ही समोरासमोर आहेत. त्या बेटांवर खरा प्राणी नसतोच, दगडांनीच तो सुचवतात. अकराव्या शतकापासून तिथले बागकाम करणारे म्हणत आलेत की दगडाची मागणी ऐकून दगड मांडा. माझा प्रश्न काय वेगळा आहे?

आणि कासव तर आपल्या महादेवाच्या देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत कोरलेलं असतं, लहानपणापासून त्याला हात लावून आत जातेस. त्यांच्या चित्रातल्या म्हाताऱ्या कासवाला शेपटासारखं लांब शेवाळ असतं, आपल्या तळ्यातल्या कासवाच्या पाठीवरही शेवाळ चढतं, मी बघितलंय. ते घे. मागं खानापूरकडचा घाट ठेव, क्योतोच्या एन्त्सू-जी मंदिरात कुंपणापलीकडचा हिएइ डोंगर बागेतच धरतात तसा. कासव दगडावर उन्हाला येतं, कुठल्या दगडावर, किती वाजता, ते आधी जाऊन बघ. तास-दोन तास बसावं लागेल, कंटाळा करू नको.

ह्या रविवारी पहाटे साडेचारला मी धुपदाळला निघतोय, गाडीत जागा आहे. घरी विचारून ये, भावाला घेऊन आलीस तरी चालेल, स्वेटर आण आणि येताना ते चित्र लेयरसकट पेनड्राइव्हवर आण, जेपीजी नको, त्यात लेयर राहत नाहीत.