बांधकाम परवानगीची फाइल : कुणाकडे किती दिवस?

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचा 2,000 चौ. फुटांचा प्लॉट आहे. 3 मार्चला आर्किटेक्टमार्फत ऑनलाइन अर्ज केला. 21 मार्चला त्रुटी निघाल्या, 12 एप्रिलला पूर्तता केली. आज 12 मे, म्हणजे 70 दिवस झाले. ‘साठ दिवस उलटले की परवानगी मिळाल्यातच जमा, काम काढा,’ असं आमचे कंत्राटदार म्हणतात. हे खरं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काम काढू नका. कंत्राटदार सांगतात तो नियम आहे, पण ते अर्धाच सांगतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45(5) मधले 60 दिवस अर्ज मिळाल्यापासून किंवा त्रुटींना दिलेलं उत्तर मिळाल्यापासून मोजतात आणि यांतली नंतरची तारीख धरतात. तुमची मोजणी 12 एप्रिलपासून. साठावा दिवस 11 जूनला भरतो, मानीव परवानगीचा (मुदतीत निर्णय न आल्यानं मिळाली असं धरलेल्या परवानगीचा) विचार त्यानंतर. तोही नकाशा विकास योजना आणि नियमावलीत तंतोतंत बसत असेल तरच. सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) अर्ध्या फुटानं कमी पडलं तरी ते काम अनधिकृत ठरतं. शिवाय बँक कर्जासाठी मंजुरीचा शिक्का असलेला नकाशा मागते, मानीव परवानगी तिथं सहसा चालत नाही.

आता तुमच्या 70 दिवसांची फोड करू. 3 ते 21 मार्च हे 18 दिवस कार्यालयाचे. 21 मार्च ते 12 एप्रिल हे 22 दिवस तुमच्या बाजूचे. त्यानंतरचे 30 पुन्हा कार्यालयाचे. म्हणजे कार्यालय 48, तुम्ही 22. ‘सत्तर दिवस झाले’ म्हणून भांडायला गेलात तर समोरचा माणूस पहिल्याच मिनिटात हे 22 दिवस तुमच्यापुढे ठेवेल. ‘पूर्ततेनंतर 30 दिवस काहीच हालचाल नाही’ या वाक्याला मात्र त्याला उत्तर द्यावं लागतं.

एक साधी वही करा. रकाने चारच : तारीख, काय घडलं, फाइल आता कुणाकडे, पुरावा. तिसरा रकाना रिकामा ठेवाल तर बाकीचे लिहून उपयोग नाही. पुराव्यात पोच, चलनाची पावती, स्क्रीनशॉट, स्थळपाहणीला अभियंता येऊन गेल्याची तारीख, सगळं येऊ द्या. छाननी, स्थळपाहणी, टिपणी, मंजुरी आणि शुल्काची मागणी या प्रत्येक टप्प्याची वेगळी ओळ लिहा. शुल्काचं चलन निघाल्यापासून ते भरेपर्यंतचे दिवस तुमचेच, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

सगळ्यात जास्त दिवस वाया जातात ते लॉगिनमुळे. लॉगिन आर्किटेक्टचं, मोबाइल नंबरही त्यांचाच. त्रुटीपत्र तिथं येऊन पडतं आणि मालक ‘महापालिका काही करत नाही’ म्हणत बसतो. अर्जात मालकाचा स्वतःचा मोबाइल आणि ईमेल घालायला सांगा आणि दर सोमवारी फाइलच्या सद्यःस्थितीचा स्क्रीनशॉट मागवा. आर्किटेक्टला राग आला तर येऊ द्या.

आणखी एक. तुमचा प्लॉट साधारण 186 चौ. मी. भरतो. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत कमी जोखमीच्या बांधकामांना वेगळी वाट आहे. 150 चौ. मी. पर्यंतच्या प्लॉटला शुल्काची पावती आणि अर्जाची पोच पुरते, तर 150 ते 300 चौ. मी. ला 10 दिवसांत परवानगी मिळते. तुमचा अर्ज या वाटेनं का गेला नाही, हे आर्किटेक्टला विचारा. अर्थात प्लॉट मंजूर रेखांकनातला (लेआउटमधला) हवा. हद्दवाढ भागात गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेले प्लॉट पुष्कळ आहेत. तुमचा तसा असेल तर नियमितीकरण आधी.

प्रश्न : घर बांधून झालं. भोगवटा प्रमाणपत्रासाठी (घर वापरण्याच्या परवानगीसाठी) अर्ज दिला, मुदत उलटून गेली. दाद कुठं मागायची?
– एक वाचक, बाळे

उत्तर : महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली. अधिसूचित सेवा, तिची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. त्याचा फोटो काढून ठेवा. मुदत उलटल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील करा. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून 90 दिवसांपर्यंत ते दाखल करून घेता येतं. निकाल 30 दिवसांत यायला हवा. निकाल मान्य नसेल तर 30 दिवसांत दुसरं अपील. पहिल्यावर निकालच आला नाही, तर 45 दिवसांनी दुसरं करता येतं. त्यापुढं राज्य सेवा हक्क आयोग. सबळ कारणाशिवाय कसूर केलेल्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण दंड अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो.

अपील फसतं ते दोन कारणांनी. एक, पोचीवर अर्जाचा क्रमांक नसतो, नुसता गोल शिक्का असतो. दोन, अर्ज अपुरा असतो. मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्जापासून. भोगवट्याच्या बाबतीत जोते तपासणीचं (पाया जोत्यापर्यंत आल्यावर होणाऱ्या तपासणीचं) प्रमाणपत्र घ्यायचंच राहून गेलंय असं फार वेळा निघतं.

मूळ परवानगीच नाकारली असेल तर रस्ता वेगळा : नगररचना अधिनियमाच्या कलम 47 खाली निर्णय कळल्यापासून 40 दिवसांत राज्य शासनाकडे अपील.

प्रश्न : कुठलीही फाइल एका टेबलावर सात दिवसांच्या वर राहू नये असा कायदा आहे म्हणे. तो दाखवू का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : आहे. 2005 चा, बोलीभाषेत ‘दफ्तर दिरंगाई’ कायदा. सर्वसाधारण फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका कर्मचाऱ्याकडे राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर निर्णय 45 दिवसांत आणि पाठवायची असेल तर तीन महिन्यांत व्हावा. पण तो राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. तहसील, जिल्हाधिकारी, भूमी अभिलेख इथं दाखवा. महापालिकेत सेवा हक्काचाच आधार घ्या.

प्रश्न : पार्क चौकाजवळ जुनं घर पाडून नवं बांधायचंय. आर्किटेक्ट म्हणतात, किल्ल्यामुळे वेगळी परवानगी लागेल. त्याचे दिवस कसे धरायचे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी मोजपट्टी, मग दिवस. भुईकोट किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, तिथं फक्त दुरुस्ती-नूतनीकरण आणि तेही परवानगीनं. त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र. अंतर संरक्षित हद्दीपासून धरतात, डोळ्यांना दिसणाऱ्या तटापासून नाही. इथंच लोक फसतात.

नियंत्रित क्षेत्रात असाल तर सक्षम अधिकारी 15 दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवतो, प्राधिकरण दोन महिन्यांत शिफारस कळवतं आणि त्यानंतर महिन्याभरात निर्णय. सगळं वेळेवर झालं तरी साडेतीन महिने गेले. म्हणून हा अर्ज पहिला करा. महापालिकेत आधी गेलात तर ‘ना हरकत सादर करावी’ असा शेरा मिळून फाइल तुमच्याकडेच परत येते. वहीत बाहेरच्या संस्थेसाठी वेगळं पान ठेवा. हे दिवस महापालिकेच्या नावावर मांडणं चूक आहे. होटगी रस्त्याच्या विमानतळाभोवती उंचीच्या ना हरकतीला हाच हिशेब.

प्रश्न : आमच्या भागात वर्षभरात परवानग्यांना किती वेळ लागला हे माहिती अधिकारात काढायचंय. काय मागावं?
– काही रहिवासी, शेळगी

उत्तर : ‘उशीर का होतो?’ असं विचारू नका, ‘का’ ही माहिती नव्हे असं उत्तर येईल. नोंदवहीतली माहिती मागा : अर्ज क्रमांक, दाखल तारीख, प्रत्येक त्रुटीपत्राची आणि पूर्ततेची तारीख, निर्णयाची तारीख. कालावधी नेमका लिहा. विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराची मुदत 30 दिवस. छायाप्रत पानाला 2 रुपये. पानं खूप असतील तर अभिलेख पाहायला मागा, पहिला तास फुकट असतो. मालकांची नावं आणि नकाशे मागू नका, तेवढ्यावरून अर्ज अडतो.

हिशेब करताना प्रलंबित फाइली वगळू नका. फक्त मंजूर झालेल्या मोजल्या तर कार्यालय आहे त्यापेक्षा चपळ दिसतं, कारण रखडलेल्या फाइली यादीत येतच नाहीत. त्यांचे आजपर्यंतचे दिवस वेगळे दाखवा. सरासरीवरही विसंबू नका. समजा, पाच फाइलींना 12, 18, 21, 26 आणि 190 दिवस लागले. सरासरी 53 येते, पण मधली फाइल 21 दिवसांचीच. मध्यक आणि सर्वांत लांबलेली फाइल, दोन्ही आकडे द्या. आणि प्रत्येक फाइलला किती वेळा त्रुटी निघाल्या ते मोजा. तीन-तीन वेळा निघाल्या असतील तर त्रुटीपत्रं शेजारी ठेवून वाचा. दुसऱ्या पत्रातला मुद्दा पहिल्याच वेळी सांगता आला असता, तर तो कार्यालयाचा दोष. पहिलाच मुद्दा पुन्हा आला असेल तर पूर्तता अर्धवट होती.