मुंबई दर पावसाळ्यात तुंबते, मग राज्याची राजधानी नागपूरला हलवावी का?

मी पक्का नागपूरकर, तरी म्हणेन नको. पाणी तुंबणं हेच कारण असेल, तर २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीकाठची घरं पाण्यात गेली. शिवाय नागपूर राज्याच्या पार पूर्व टोकाला, सावंतवाडीच्या माणसानं काय करायचं?

खरं दुखणं वेगळं आहे. १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं. ते राजधानीपद जाणार म्हणूनच १९५३ च्या नागपूर करारात (मराठी भाषकांचं एक राज्य व्हावं म्हणून नेत्यांनी केलेला करार) ठरलं होतं की सरकार दरवर्षी ठरावीक काळ इथे मुक्काम हलवेल आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथे होईल. झालं काय? डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, मोर्चे, अडवलेले रस्ते, मंत्र्यांच्या हुरडा पार्ट्या (त्या मात्र न चुकता!) आणि मग फायली परत मुंबईला.

त्यापेक्षा वन, खनिकर्म, वस्त्रोद्योग या खात्यांचे सचिव बारा महिने इथे बसवा. वनखात्याचं मुख्यालय इथेच आहे, पण शासननिर्णय निघतो मंत्रालयातून.