आफ्रिकेत जमिनीखाली राहणारे साप नेमके कुठे असतात? ते मांडुळासारखे हातात घेता येतात का?

तुम्ही घानाला नोकरीवर निघालाय आणि इथे मांडूळ, वाळा बिनधास्त हाताळलेत असं लिहिलंय, म्हणून आधी हेच सांगतो: तिथे मातीतून निघालेला काळा, चकचकीत, बारीक साप हातात घेऊ नका. मान धरूनही नाही.

मी तीन वर्षं नायजेरियात कॅलाबारजवळच्या पामच्या मळ्यावर होतो. गावाकडे साप पकडायची सवय होतीच. पहिल्याच पावसाळ्यात एक कुजका ओंडका उलटला, तर खाली हातभर लांबीचा साप. काळाभोर, डोळे मोहरीच्या दाण्याएवढे, डोकं कुठे संपतं तेही कळेना. मी वाकलो, तसा मुकादमाने माझा दंड धरून मागे ओढलं आणि काठी पुढे केली. सापाने मानेची कमान करून नाक मातीत रुतवलं आणि डोकं बाजूला झटकलं. तोंड मिटलेलंच, तरी ओठाच्या कडेने सुईसारखा दात बाहेर! मुकादमाची तर्जनी पहिल्या पेरापाशीच संपत होती. लहानपणी यामचे कंद खणताना हाच साप चावला होता.

हा अट्रॅक्टास्पिस, म्हणजे स्टिलेटो स्नेक. मान पकडली तरी दात बाजूला काढून तो बोटात खुपसतो. अरुंद बिळात तोंड उघडायला जागा नसते. उंदराच्या पिल्लांना घासून पुढे सरकायचं आणि मागे झटका देऊन दात रुतवायचा, ही त्याची शिकारीची रीत.

हे साप सगळीच बिळं स्वतः खणत नाहीत. पालापाचोळा, कुजके ओंडके, वारुळं, उंदरांची बिळं, मळ्यातली भुसभुशीत माती, जिथे ओल आणि खाणं तिथे ते. वाळ्याचे तिकडचे भाऊबंद वाळवी आणि मुंग्यांची अंडी खातात. अपॅरालॅक्टस नावाचा चिमुकला साप घोणीच खातो. आपला वाळाही कुंड्यांच्या मातीतून आफ्रिकेत पोचलाय. त्याच्यात नर नसतातच, त्यामुळे एक मादी पोचली तरी पुरते.

मांडुळाची आठवण करून देतो तो कॅलाबारिया. शेपूट डोक्यासारखी बोथट. घाबरला की डोकं वेटोळ्यात लपवून शेपूट पुढे करतो. पूर्वी त्याला अजगरांत धरत, आता बोआंत धरतात. बिनविषारी आणि फार गरीब जीव. पण तो आणि स्टिलेटो एकाच पाचोळ्यात सापडतात, तेव्हा ओळखीच्या भरवशावर हात घालू नका. 2019 मध्येसुद्धा गिनी-लायबेरियाच्या जंगलांतून स्टिलेटोची एक नवी जात नोंदली गेली.

मोठा पाऊस पडून गेला की हे साप रात्री वर येतात. चावे बहुतेक तेव्हाच, अनवाणी चालणाऱ्यांना नाहीतर जमिनीवर झोपलेल्यांना. खाटेवर झोपा, रात्री बूट आणि बॅटरी हवीच. चावलाच तर अंगठी लगेच काढा, जखम कापू नका, आवळून बांधू नका आणि थेट इस्पितळ गाठा. या विषावर प्रतिविष नाही, त्यामुळे डॉक्टर वेदना, सूज आणि जखम सांभाळतात. नेहमीच्या सर्पदंशाची लस टोचा म्हणून त्यांच्यामागे लागू नका.