मनाच्या दुखण्याला वेगळा दवाखाना कशाला?

वाचकांचे प्रश्न : आरोग्य

प्रश्न : माझ्या आईचे वय 58 असून तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. वर्षभर तिला अंगदुखी, छातीत धडधड आणि झोप न लागणे असा त्रास होतो आहे. जळगावला नेऊन ईसीजी, सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या केल्या. सर्व काही नॉर्मल निघाले. आता आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर म्हणतात की तिला नैराश्य आहे आणि त्याचे उपचार ते तिथेच सुरू करतील. आई म्हणते, ‘मी काय येडी हाये का?’ मधुमेह पाहणाऱ्या डॉक्टरांनी मनाचा आजार पाहावा का? (एक वाचक, यावल तालुका)

उत्तर : अवश्य पाहावा. आपल्या आईंना दुसरीकडे न धाडता स्वतः उपचार करण्याची तयारी डॉक्टरांनी दाखवली, याचे मी मनापासून स्वागत करतो. तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून आईंचे दुखणे खोटे ठरत नाही. नैराश्याचे रुग्ण दवाखान्यात येतात तेव्हा ‘मी उदास आहे’ असे क्वचितच सांगतात. ते डोके जड असल्याचे, हातपाय गळाल्याचे, भूक मेल्याचे सांगतात, आणि आपल्याकडच्या बायाबापड्या ‘मन्हा जीव घाबरस’ एवढेच म्हणून गप्प बसतात. म्हणूनच अशा रुग्णांची पहिली गाठ मानसोपचारतज्ज्ञांशी न पडता साध्या डॉक्टरांशी पडते, आणि तिथे ओळख पटली नाही तर पुढची काही वर्षे टॉनिक, सलाईन आणि पुन्हा पुन्हा केलेल्या तपासण्यांत जातात.

मधुमेह आणि नैराश्य यांचे नातेही जवळचे आहे. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा जवळपास दुप्पट आढळते. मन खचले की पथ्य सुटते, चालणे बंद होते, गोळ्या राहून जातात आणि साखर वाढते. साखर वाढली की थकवा येतो आणि मन आणखी खचते. या दोन आजारांचे कागद दोन दवाखान्यांत ठेवले तर हे चक्र कोणाच्याच लक्षात येत नाही. त्यामुळे आईंची साखर आणि त्यांची झोप यांची विचारपूस एकाच माणसाने, एकाच केसपेपरवर करणे हेच शास्त्राला धरून आहे.

डॉक्टरांनी निदान कसे केले, हे आपण निःसंकोच विचारावे. बहुधा त्यांनी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 ही प्रश्नावली वापरली असेल. गेल्या दोन आठवड्यांत कामातला रस गेला का, मन उदास राहिले का, झोप आणि भूक कशी होती, असे तिचे प्रश्न असतात आणि एकूण गुण 0 ते 27 असतात. गुण 10 किंवा त्याहून अधिक आले तर पुढे नीट तपासणी करावी लागते. केवळ गुणांवरून निदान होत नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांच्या तपासण्या झाल्या नसतील तर त्या आधी करून घ्याव्यात, कारण रक्त कमी असले तरी धडधड होते आणि थायरॉइड मंदावले तरी माणूस सुस्तावतो.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही त्या निदान सहा महिने घ्याव्या लागतात. त्या मनाने बंद करू नयेत. सवय लागण्याची जी भीती लोक बाळगतात ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत खरी आहे, आणि दुर्दैवाने त्याच गोळ्या आपल्याकडे वर्षानुवर्षे चालू राहतात. आईंना समजावताना ‘मानसिक’ म्हणायची गरज नाही. साखरेसाठी गोळी घेतो तशी झोपेसाठी आणि धडधडीसाठी ही गोळी आहे, असे सांगितले तरी ते खरेच आहे.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण झाले, परंतु ओपीडीच्या रांगेत एका रुग्णाला दोन-तीन मिनिटे मिळतात. त्यात समुपदेशन कसे बसवावे?

उत्तर : ते आपण एकट्याने बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 मध्ये आणि जिल्हा कार्यक्रम 1996 मध्ये सुरू झाला, त्यामागे हे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेण्याचाच विचार होता. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तो जिल्हा रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी लिहिण्यापर्यंत येऊन थांबतो. धडगावच्या पाड्यावरून नंदुरबारला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते आणि बसभाडे वेगळे. त्यामुळे चिठ्ठी खिशातच राहते.

अमेरिकेत साठीपुढील 1,801 रुग्णांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इम्पॅक्ट’ अभ्यासात नेहमीच्या दवाखान्यातच एक परिचारिका किंवा मानसशास्त्रज्ञ नेमण्यात आले. ते रुग्णाची ठरावीक दिवसांनी चौकशी करत, गुण मोजत आणि सुधारणा नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेऊन डॉक्टरांना उपचार बदलायला सांगत. वर्षाअखेर या रुग्णांपैकी सुमारे 45 टक्क्यांची लक्षणे निम्म्याने किंवा अधिक उतरली, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 19 टक्के होते. तज्ज्ञ रुग्णाला क्वचितच भेटत. फरक पडला तो पाठपुराव्याने. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. ज्या कामांनी पूर्वी बरे वाटत असे ती थोडी थोडी पुन्हा सुरू करवणे, हा त्या बैठकांचा गाभा होता. 2017 च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील निष्कर्षांनुसार तीन महिन्यांत त्यांच्याकडील 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले, फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 39 टक्के होते.

आपल्याकडे हे काम समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई करू शकतात. तिशीपुढील व्यक्तींचा जो फॉर्म आशाताई भरतात त्यात मनःस्थितीचे दोन प्रश्न आधीच आहेत. त्यांची उत्तरे नुसती नोंदवून न ठेवता ‘होय’ असलेली नावे वेगळ्या वहीत उतरवून घ्यावीत आणि दर पंधरवड्याला त्या वहीवर दहा मिनिटे बसावे. आपले काम निदान, औषध आणि अवघड रुग्णाचा निर्णय एवढेच ठेवावे.

खोलीचीही व्यवस्था पाहावी. टेबलाभोवती रांग उभी असताना कोणतीही बाई नवऱ्याच्या दारूविषयी बोलणार नाही. रक्तदाब मोजण्याचे टेबल पडद्याआड नेले तर मशीनचा पट्टा बांधता बांधता सिस्टरना दोन प्रश्न विचारता येतात आणि बाहेर कोणाला वेगळे काही वाटत नाही. प्रश्न पावरी किंवा भिलीत विचारावेत, आणि दुभाषी म्हणून सासूला किंवा नवऱ्याला बसवू नये. घरचे भगताकडे जात असतील तर त्यावरून वाद घालू नये. गोळी मात्र बंद करू नका, हे तेवढे वदवून घ्यावे. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या रुग्णाचा फोन क्रमांक निघण्याआधीच घ्यावा आणि पाठपुरावा फोनवर चालू ठेवावा. होळीला गावी परतल्यावर त्याला पुन्हा तपासावे.

प्रश्न : भाऊ ‘आता जगून काय उपयोग’ असे बोलतो. त्याला थेट विचारले तर नको तो विचार डोक्यात येईल का? गावच्या दवाखान्यात नेले तर पोलिसांचे लफडे होईल का? (एक वाचक, शिंदखेडा तालुका)

उत्तर : थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट मनात दडलेले बोलायला वाट मिळते. आजच विचारा. कपाशीच्या फवारणीचे औषध घरात असेल तर ते आजच घराबाहेर, कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. हे सर्वांत आधी करायचे काम आहे. नुसत्या विचारांसाठी कोणावर गुन्हा होत नाही, आणि प्रयत्न केलेली व्यक्तीही तीव्र तणावाखाली होती असे मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 गृहीत धरतो आणि तिला शिक्षा करू नये असे सांगतो. म्हणून न घाबरता त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. त्याने काही घेतल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता 108 ला फोन करावा, आणि औषधाची बाटली किंवा डबा सोबत न्यावा.